कोपराला लावलेला गूळ



आज सुरुवात एका गमतीनं करू या. हा अंक जरा बाजूला ठेवा. हात दुमडा आणि आपल्याच कोपराला जीभ लावून दाखवा बघू!

काय, लागत नाही ना? आमच्या चौथीच्या वर्गातही असाच गोंधळ उडाला होता. कुणी मान वाकडी करतंय, कुणी बाकाच्या टोकावर कोपर टेकवतंय, एकाला तर मानेत लचक भरली. शेवटी सगळे दमले, तेव्हा मी म्हटलं, "आता समजा, या कोपराला कुणी गूळ लावला. वास येईल, दिसेल, पण चाटता येणार नाही. आणि गूळ लावणारा मात्र म्हणत राहील, जरा अजून वाक, जरा अजून, पोचलीच बघ जीभ!" आपल्या आजी-आजोबांनी यावरूनच एक वाक्प्रचार करून ठेवला आहे, कोपराला गूळ लावणे.

हा खेळ मी वर्गात का घेतला, त्याची गोष्ट आज सांगणार आहे. या गोष्टीत फसलेल्यांच्या यादीत तुमच्या बाईंचंही नाव आहे बरं का!

आमच्या वर्गात वर्षाच्या मध्येच एक नवा मुलगा आला. खरं नाव सांगत नाही, आपण त्याला बंड्या म्हणू. आईवडील गावाबाहेरच्या वीटभट्टीवर कामाला. पहिले पंधरा दिवस तो शेवटच्या बाकावर एकटाच बसायचा. आणि मग बघता बघता तो वर्गाचा राजाच झाला! डबा खायच्या सुट्टीत त्याच्याभोवती गर्दी. कुणी त्याला लाडू देतंय, कुणी बोरं, कुणी त्याचा गृहपाठ लिहून देतंय. सेक्रेटरी निवडायची वेळ आली तेव्हा हात वर करायला सांगितलं, तर पोरांनी दोन्ही दोन्ही हात वर केले!

कारण काय, तर बंड्याचा मामा. हा मामा म्हणे मुंबईला टीव्हीच्या मालिकांत कॅमेरा धरतो, आणि दिवाळीनंतर आपल्या गावात शूटिंगला येणार आहे.

आता यातली खुबी बघा. बंड्यानं सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली नव्हती. जी मुलगी छान नाचते, तिला नाचाचं काम. जो क्रिकेटवेडा आहे, त्याला खऱ्या खेळाडूच्या सहीची बॅट. ज्याला गाड्यांचं वेड, त्याला शूटिंगच्या जीपमध्ये पुढे बसायला मिळणार. ज्याच्या मनात जे होतं, नेमकं तेच मामाच्या पेटीतून निघत होतं. आणि प्रत्येकाला शेवटी एकच वाक्य, "पण कुणाला सांगू नको हं, नाहीतर मामा येणार नाही."

एक दिवस बंड्या माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही नाटुकलं लिहिलंय ना? मामाला दाखवतो की."

मुलांनो, खरं सांगते. मी गेली पाच-सहा वर्षं एक छोटं नाटक लिहून वहीत जपून ठेवलं होतं. ते कधीतरी टीव्हीवर दिसावं, असं मला फार वाटायचं. घरीसुद्धा हे मी कुणाला बोलले नव्हते. फक्त एकदा वर्गात सहज बोलून गेले होते, आणि त्या पोरानं ते टिपलं होतं. मी दुसऱ्या दिवशी वही आणून दिली. एवढंच नाही, त्या आठवड्यात बंड्याचा गृहपाठ नव्हता, तरी मी त्याला रागावले नाही. रागवायला तोंडच उघडेना! कळलं का, सत्ता कशी चालते ते? त्यानं मला धमकी दिली नव्हती, छडी दाखवली नव्हती. फक्त माझं स्वप्न त्याच्या खिशात होतं.

दिवाळी झाली. मामा आला नाही. "पुढच्या सोमवारी" झालं, मग "त्याच्या पुढच्या सोमवारी" झालं. एक दिवस बंड्याची आई शाळेत आली, तेव्हा मी विचारलं, "मुलांचे मामा कधी येणार आहेत हो?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "कुठला मामा, बाई? मला तर भाऊच न्हाई."

वर्गात हे कळलं तेव्हा आधी पोरं चिडली, मग हसली. पण ती नाचणारी मुलगी मुसमुसून रडायला लागली. तिनं भाऊबीजेचे पन्नास रुपये 'फॉर्मची फी' म्हणून दिले होते. मी म्हटलं, "अगं, पैसे परत मिळतील." तर म्हणाली, "पैशांचं नाही, बाई. मी आजीला सांगितलंय, मी टीव्हीत दिसणार. ती रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसते."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

त्या रात्री मला एक जुनी, खरी घडलेली गोष्ट आठवली. दुसऱ्या दिवशी तीच वर्गात सांगितली. आज तुम्हालाही सांगते.

नसलेल्या देशाचा राजा

गोष्ट आहे दोनशे वर्षांपूर्वीची, इंग्लंड-स्कॉटलंडमधली. ग्रेगर मॅकग्रेगर नावाचा एक स्कॉटिश माणूस होता. जन्म १७८६चा. आधी ब्रिटिश सैन्यात होता, मग दक्षिण अमेरिकेत जाऊन व्हेनेझुएलाच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला, सेनापतीही झाला. म्हणजे माणूस अगदीच खोटा नव्हता. थोडं खरं त्याच्यापाशी होतं, आणि त्याच थोड्या खऱ्यावर त्यानं खोट्याचा मोठा इमला चढवला.

मध्य अमेरिकेत, आजच्या होंडुरास देशाच्या बाजूला, एक दमट, जंगलानं भरलेला किनारा आहे. त्याला मॉस्किटो किनारा म्हणतात. (नाव डासांवरून पडलेलं नाही बरं का! तिथं राहणाऱ्या मिस्किटो लोकांवरून पडलं आहे.) १८२० साली तिथल्या राजाकडून मॅकग्रेगरनं जमिनीचा एक प्रचंड तुकडा कागदावर लिहून घेतला. बदल्यात काय दिलं? थोडी दारू आणि थोडे दागिने. जमीन ब्रिटनमधल्या वेल्स प्रांताहूनही मोठी, पण तिथं ना शेती, ना शहर, ना रस्ता.

१८२१ साली तो लंडनला परतला आणि त्यानं जाहीर केलं, "मी 'पोयाईस' देशाचा प्रमुख आहे!"

मग काय, थाटच थाट! पोयाईसचा झेंडा, पोयाईसचे गणवेश, पोयाईसची कचेरी. १८२२ साली या देशाची माहिती देणारं साडेतीनशेहून जास्त पानांचं एक पुस्तकच निघालं. त्यात लिहिलं होतं की इथली जमीन इतकी सुपीक, की मक्याची पिकं वर्षातून तीन. मासे आणि शिकार इतकी, की माणसानं एक दिवस काम करावं आणि घरानं आठवडाभर खावं. नद्यांत सोन्याचे गोळे सापडतात. राजधानीत रुंद रस्ते आहेत, नाट्यगृह आहे, घुमटाचं मोठं चर्च आहे, बँक आहे.

लोकांनी विश्वास ठेवला तरी कसा? त्याला कारण होतं. त्या वर्षांत दक्षिण अमेरिकेत खरोखरच नवे नवे देश स्वतंत्र होत होते. नकाशे अपुरे होते. तिथली बातमी बोटीनं यायला आठवडेच्या आठवडे लागत. "असेलही एखादा नवा देश," असं कुणालाही वाटलं असतं.

पण खरी मेख पुढेच आहे. हा माणूस येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या त्याच्या मापाचं स्वप्न देई. गरीब शेतकऱ्याला जमीन. एकराचा भाव सुरुवातीला दोन शिलिंग तीन पेन्स, म्हणजे साधारण एका मजुराची एका दिवसाची मजुरी! मग भाव हळूहळू वाढवत नेला, म्हणजे लोकांनी घाई करावी. बँकेत काम करणाऱ्याला 'पोयाईस बँकेचं' मोठं पद. आणि एका चांभाराला काय सांगितलं असेल? "तू पोयाईसच्या राजकन्येचा खास चांभार होशील." बिचारा घरदार सोडून निघाला.

श्रीमंतांसाठी वेगळा गूळ होता. त्यानं पोयाईसच्या नावानं दोन लाख पौंडांचे कर्जरोखे विकायला काढले. व्याज सहा टक्के. ब्रिटनच्या सरकारी रोख्यांवर याहून कितीतरी कमी व्याज मिळायचं.

सप्टेंबर १८२२मध्ये पहिलं जहाज लंडनहून निघालं. त्यात सुमारे ७० माणसं होती. जानेवारी १८२३मध्ये स्कॉटलंडच्या लीथ बंदरातून दुसरं जहाज सुटलं, त्यात जवळजवळ २००. या वेळी मॅकग्रेगर स्वतः निरोप द्यायला आला. त्यानं जाहीर केलं, की बायका-मुलांचं भाडं माफ! लोकांनी टाळ्या वाजवल्या, जयजयकार केला. आपल्याजवळचे खरे पैसे देऊन त्यांनी पोयाईसच्या नोटा घेतल्या होत्या. सुबक छापलेल्या नोटा! त्या स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या बँकेच्या छापखान्यात छापून घेतल्या होत्या.

जवळजवळ दोन महिने समुद्रात काढून दुसरं जहाज पोचलं. खलाशांनी बंदर शोधलं. बंदर नव्हतं. शहर शोधलं. शहर नव्हतं. किनाऱ्यावर दाट जंगल, आणि त्याच्या कडेला तंबू-झोपड्या टाकून राहिलेली पहिल्या जहाजातली माणसं. त्यांचं जहाज वादळात किनाऱ्यापासून दूर गेलं होतं, ते परत आलंच नव्हतं.

पुढचं थोडक्यातच सांगते. पावसाळा सुरू झाला. हिवताप पसरला. मलेरिया डासांमुळे होतो, हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं. माणसं एकामागून एक आजारी पडली. राजकन्येच्या चांभारानं निराश होऊन स्वतःचा जीव घेतला. मे १८२३मध्ये जवळच्या ब्रिटिश वसाहतीतलं एक जहाज योगायोगानं तिकडं आलं, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला हे कळलं. त्यांनी उरलेल्यांना तिथून हलवलं. सुमारे २५० माणसांपैकी निदान १८० जण मेली. ऑक्टोबरमध्ये ५०हूनही कमी माणसं ब्रिटनला परत आली.

आणि मॅकग्रेगर? तो तोवर पॅरिसला निघून गेला होता. तिथंही त्यानं पोयाईसचाच धंदा पुन्हा सुरू केला! पकडला गेला, खटला चालला, पण १८२६ साली सुटला. शेवटी १८३८ साली व्हेनेझुएलाला गेला आणि १८४५ साली तिथंच वारला.

वर्गातला प्रश्न

गोष्ट संपली. वर्ग अगदी चिडीचूप. मग दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, पण आधी एकानं जाऊन बघून का नाही आलं?"

शाब्बास! मी तिला फळ्यावर तोच प्रश्न मोठ्या अक्षरात लिहायला लावला. मग आम्ही सगळ्यांनी उत्तर शोधलं. कुणी म्हणालं, लांब होतं. कुणी म्हणालं, घाई होती. पण एका मुलाचं उत्तर मला सर्वांत आवडलं. तो म्हणाला, "बाई, बघून आलं आणि नसलं तर? मग वाईट वाटेल ना!"

मुलांनो, हेच ते. आपण फसतो तेव्हा दर वेळी मूर्खच असतो असं नाही. त्या जहाजांत डॉक्टर होते, वकील होते. मनातले मांडे इतके गोड लागत असतात, की ते मोडायला नको वाटतं. फसवणारा आपलं स्वप्न फक्त ओळखतो. त्या स्वप्नाची राखण आपणच करतो! म्हणून तर ती आणखी एक चकित करणारी गोष्ट घडली. परतलेल्यांपैकी एका माणसाची दोन मुलं तिकडं तापानं गेली होती. तरी त्यानं पुस्तक लिहून मॅकग्रेगरची बाजूच घेतली. दोष कुणाचा, तर म्हणे त्याच्या आजूबाजूच्या लोकांचा. इतकं मोठं दुःख सोसल्यावर "मी फसलो" असं म्हणणं किती जड जात असेल, विचार करा.

तेव्हा मीही वर्गासमोर उभी राहिले आणि माझ्या वहीची गोष्ट सांगितली. "मीसुद्धा फसले. आणि मीही बंड्याच्या आईला आधीच विचारू शकले असते. विचारलं नाही, कारण मला ते खरंच हवं होतं." पोरं आधी हसली. पण नंतर एकेक जण उठून आपण काय काय दिलं ते सांगायला लागला. तोवर लाजेनं कुणी तोंड उघडलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच वेडे ठरलो.

गूळ कसा ओळखायचा?

आम्ही वर्गात मिळून काही खुणा काढल्या. तुम्हीही वहीत लिहून ठेवा.

पहिली खूण : समोरचा आपल्याला नेमकं तेच देऊ करतो, जे आपल्याला फार फार हवं आहे.

दुसरी खूण : "लवकर कर, नाहीतर संधी जाईल." पोयाईसच्या जमिनीचा भाव असाच वाढत होता.

तिसरी खूण : "कुणाला सांगू नको." चांगल्या गोष्टीला आईवडिलांपासून लपवायची गरज का पडावी?

चौथी खूण : बघायचं म्हटलं की काहीतरी अडचण येते. मामा पुढच्या सोमवारी, शहर समुद्रापलीकडे.

आणि पाचवी, सगळ्यांत सोपी : स्वप्न दाखवणारा स्वतः जहाजात बसतो का? शिपायांच्या पुढे उभा राहणारा सेनापती, मजुरांबरोबर पाटी उचलणारा गवंडी, हेसुद्धा लोकांना स्वप्न दाखवतात. स्वप्न दाखवणं वाईट नाही. पण ते स्वतः त्या वाटेनं चालतात. मॅकग्रेगर मात्र त्या दोन्ही जहाजांत चढला नाही.

आज पोयाईसची जहाजं बंदरातून सुटत नाहीत, ती मोबाईलमधून सुटतात. "अभिनंदन! तुम्हाला बक्षीस लागलं आहे." "या गेममधले हिरे फुकट, फक्त आईच्या फोनवर आलेला ओटीपी सांग." "तू किती छान गातेस, तुझा फोटो पाठव, तुला स्टार करतो." दोस्तांनो, वरच्या पाच खुणा लावून बघा. आणि समजा, बोट दाबलं गेलंच, तर लपवू नका. लगेच मोठ्यांना सांगा. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर १९३० या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करता येतो. जितक्या लवकर सांगाल, तितकी पैसे वाचण्याची शक्यता जास्त.

दोन शब्द पालकांसाठी

मूल फसलं म्हणून सांगायला आलं, तर पहिलं वाक्य "अक्कल कुठे गेली होती?" असं असू नये, एवढी विनंती. ते वाक्य एकदा ऐकलेलं मूल दुसऱ्या वेळी सांगायला येत नाही, आणि फसवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. दुसरं असं, की "पहिला नंबर आण, मग सायकल घेऊ," "गप्प बस, मग जत्रेला नेऊ," असं आपण घरी आणि शाळेत किती सहज म्हणतो! त्यातलं किती पाळतो? मीही वर्गाला दोन वर्षं सहलीचं गाजर दाखवून गप्प बसवलं आहे, सहल काही निघाली नाही. मामाची युक्ती मुलं कुठून शिकतात, हा प्रश्न मला तेव्हापासून टोचतो आहे. यंदा सहल नेलीच, तालुक्याच्या गावापर्यंत का होईना.

आणि बंड्या?

तुम्ही विचारणार हे मला ठाऊक होतं. मी त्याला एकट्याला बोलावून विचारलं, "असं का रे केलंस?" बराच वेळ तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "बाई, मला कुनीच खेळायला घेत नव्हतं. मामाचं सांगितलं, तवा घ्यायला लागले."

म्हणजे बघा, ज्यानं सगळ्यांच्या मनातलं ओळखलं, त्याच्या मनात काय आहे हे आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

पन्नास रुपयांपैकी तीस त्याच्या दप्तरात तसेच होते. उरलेले वीस त्याच्या आईनं आणून दिले. बंड्या त्या मुलीच्या घरी गेला आणि आजीला म्हणाला, "आजी, मी खोटं बोललो होतो." मी दाराशी उभी होते. आजी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं नातीला म्हणाल्या, "मग इथंच नाच की गं. मला इथनं चांगलं दिसतंय." आणि ती नाचली!

आता दर शनिवारी शेवटच्या तासाला बंड्या वर्गाला गोष्ट सांगतो. राजवाडे, भुतं, उडत्या बैलगाड्या, काय वाट्टेल ते! पण आमची एक अट आहे. सुरुवातीला त्यानं हात वर करून म्हणायचं, "ऐका हो ऐका, ही गोष्ट साफ खोटी आहे!" वर्ग ओरडतो, "चालेल!" गोष्ट सांगणारा आणि फसवणारा, दोघांच्या अंगी कला एकच. फरक त्या एका वाक्याचा.

माझी नाटकाची वहीही परत मिळाली. येत्या स्नेहसंमेलनात आमची चौथीच ते नाटुकलं करणार आहे.

या आठवड्याचा गृहपाठ : कुणीतरी तुमच्या कोपराला गूळ लावला, किंवा तुम्ही कुणाच्या लावला, असा एक प्रसंग खरा खरा लिहा. आधी घरी वाचून दाखवा, मग मला पत्रानं कळवा. आणि उद्या शाळेत गेलात, की शेवटच्या बाकावर कोण एकटं बसलंय, तेवढं बघा.

तुमची,
बाई